कानाचे इंग्रजी, डोळ्यांचे इंग्रजी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर जन्मभर इंग्रजी शिकवत राहिले. त्यांच्या नावाने बोलायचे तर शेक्सपिअरवर बोलावे, मिल्टनवर बोलावे, अशी तुमची अपेक्षा असणार. मी मात्र स्पेलिंगवर बोलणार आहे. सरांना ते अधिक आवडले असते असा माझा अंदाज आहे. त्यांचा निम्मा जन्म लाल शाईतच गेला ना!

स्पेलिंगच्या चुकांतही मी एकाच जातीची चूक निवडली आहे. उच्चार एक, स्पेलिंगे दोन, अर्थही दोन, आणि लिहिताना नेमके नको ते स्पेलिंग हातून उतरते. अशा शब्दांना आपण समध्वनी शब्द म्हणू. 'देअर' घ्या. टी-एच-ई-आय-आर म्हणजे 'त्यांचे'. टी-एच-ई-आर-ई म्हणजे 'तिथे'. आणि तिसरा 'दे आर'चा जोडशब्द : टी-एच-ई-वाय, वर अपॉस्ट्रॉफी, पुढे आर-ई. इंग्रजाच्या तोंडी तिन्हींचा आवाज एक. तसेच 'युअर'चे, 'इट्स'चे, 'टू'चे. 'टू' तर तीन आहेत.

आता मला सांगा, ही चूक कोण करते?

तुम्ही मनात म्हणालात, आपणच. मराठी माध्यमातली, खेड्यापाड्यातली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला चाळत इंग्रजी शिकलेली माणसे. माझे म्हणणे उलटे आहे. ही चूक मुख्यतः इंग्रजांची आहे. अमेरिकनांची आहे, ऑस्ट्रेलियनांची आहे. ज्याला इंग्रजी आईच्या मांडीवर मिळाली त्याची ही चूक आहे.

कारण साधे आहे. त्या मुलाच्या कानात शब्द आधी येतो, अक्षरे चार-पाच वर्षांनी येतात. 'देअर' हा आवाज त्याच्या जिभेवर पक्का बसलेला असतो. लिहिताना हात भरभर चालतो, डोक्यात आवाज उमटतो आणि त्या आवाजाचे जे स्पेलिंग आधी हाताशी येईल ते कागदावर पडते. त्याला नियम ठाऊक नसतो असे नाही. विचारलेत तर तो तिन्हींचा फरक नीट सांगेल. तरी घाईत चुकेल.

आपल्याकडचा पोरगा कसा शिकला? ओसरीवर मांडी ठोकून, झुलत, मोठ्याने : टी-एच-ई-आय-आर देअर, देअर म्हणजे त्यांचे. अक्षरे आधी, आवाज मागून, अर्थ सगळ्यात शेवटी. 'दे आर'चा जोडशब्द त्याने कधी उच्चारलाच नाही. तो सरळ 'दे आर' म्हणतो, दोन शब्द सुटे. मग घोटाळा व्हावा कुठे? 'नॉलेज'चे स्पेलिंग ध्यानात राहावे म्हणून आपण 'कनोलेडगे' म्हणत होतो. हसू नका. त्या 'क'चे मी पुढे काही सांगणार आहे.

आपण चुकत नाही असे मी म्हणत नाही. आपण भरपूर चुकतो. ए आणि दी आपल्याला आजही छळतात, शब्दयोगी अव्यये तर मुळीच दया दाखवत नाहीत. पण ती व्याकरणाची चूक झाली. समध्वनी शब्दांची चूक ही कानाने भाषा शिकलेल्याची चूक, आणि आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो.

हा झाला पहिला मुद्दा. दुसरा असा की ही जोडपी आली कुठून? एवढ्या शहाण्या लोकांनी एका आवाजाला दोन-दोन, तीन-तीन स्पेलिंगे का ठेवली?

त्यांनी ठेवली नाहीत, ती राहिली. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे सरदार. दुसऱ्याच्या सुरुवातीला एक मुका 'के'. पण तो जन्मापासून मुका नव्हता. चौदाव्या शतकातला इंग्रज तो 'क्' खणखणीत म्हणत होता, आणि मधल्या 'जी-एच'च्या जागी घसा खाकरल्यासारखा 'ख्' काढत होता. साधारण 'क्निख्त' असा शब्द. या शब्दाचा जर्मन भाऊ आजही 'क्नेख्त' असाच उच्चारला जातो. तिकडे मात्र अर्थ नोकर. इंग्रजीतला 'क्' सतराव्या शतकाच्या अखेरीला झिजू लागला आणि पुढे नाहीसाच झाला. म्हणजे 'कनोलेडगे' म्हणत झुलणारा आपला पोरगा काय करत होता? चौदाव्या शतकातला, कवी चॉसरच्या काळचा इंग्रज जो 'क्' म्हणत होता तोच 'क्' तो न शिकवता म्हणत होता.

'मीट' पाहा. डबल-ई घातला की भेटणे, ई-ए घातला की मांस. शेक्सपिअरच्या काळी बहुतेकांच्या तोंडी हे दोन वेगळे आवाज होते. पाण्याचा 'सी' आणि पाहण्याचा 'सी' यांचीही तीच गोष्ट. साधारण 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत इंग्रजीचे दीर्घ स्वर एकेक पायरी सरकत गेले. त्या सरकण्यात काही शेजारी एकाच खोलीत येऊन राहिले. 'ग्रेट', 'ब्रेक', 'स्टेक' असे दोन-चार शब्द मागे राहिले, म्हणून त्यांच्यातला ई-ए अजून 'ए' म्हणतो. आणि मागे राहिल्यामुळे 'ब्रेक'ची वेगळीच गाठ पडली : मोडण्याचा ब्रेक आणि गाडीचा ब्रेक.

याच तीनशे वर्षांच्या काळात, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापखान्याला काय हवे? ठरलेले स्पेलिंग. आणि भाषा तर चालू गाडीत बसलेली. छापणाऱ्यांनी हळूहळू स्पेलिंगे पक्की केली तोवर उच्चार निम्म्या वाटेवर होते, पुढे ते निघून गेले, स्पेलिंगे स्टेशनावरच उभी राहिली.

म्हणून मला 'स्टेशनरी' या जोडीची गंमत वाटते. ए-आर-वाय म्हणजे जागेवर उभे असलेले. ई-आर-वाय म्हणजे कागद, पेन्सिली, वह्या. कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजारातून चक्कर मारा, निम्म्या पाट्यांवर वह्यांच्या जागी 'स्थिर' लिहिलेले दिसेल. पण त्या दुकानदारांवर फार रागावू नका, कारण मुळात दोन्ही शब्द एकच आहेत. मध्ययुगात पुस्तके विकणारे बहुतेक फिरते होते. जो एका जागी दुकान थाटून बसे, तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये अशा मंडळींचा संघ 1403 पासून होता, 1557 मध्ये त्याला राजाज्ञेने सनद मिळाली. स्टेशनरकडे मिळते ती स्टेशनरी. मग 'ए' आणि 'ई' हा फरक? पुढच्या लोकांनी सोयीसाठी केलेली वाटणी.

अशी वाटणी करून घेतलेले भाऊ इंग्रजीत बरेच आहेत. 'फ्लॉवर' म्हणजे फूल आणि 'फ्लॉअर' म्हणजे पीठ, ही तशीच वाटणी. धान्य दळल्यावर त्याचा जो उत्तम, बारीक भाग, ते धान्याचे फूल. डॉ. जॉन्सनच्या 1755 च्या कोशात पिठाला वेगळे स्पेलिंग नाही, फुलातच पीठ आहे. आज पिठाच्या जागी फूल लिहिले तर मास्तर शून्य देतात. जॉन्सनलाही दिले असते.

काही जोडप्यांना वाटणी मिळाली नाही आणि त्यांतला एक शब्द मेला. राणीला 'क्वीन' म्हणतात. एकेकाळी स्पेलिंगात ई-ए असलेला दुसरा 'क्वीन' होता, त्याचा अर्थ चवचाल बाई. उच्चार वेगळे होते तोवर निभावले. ते एक झाले आणि कोणाला गाशा गुंडाळावा लागला हे सांगायला नको. राणी राहिली.

तिसरा मुद्दा भूगोलाचा आहे आणि तो मला सर्वांत आवडतो. समध्वनी शब्दांची यादी सगळीकडे एक नसते.

रॉबर्ट ब्रिजेस हे इंग्लंडचे राजकवी होते. 1919 मध्ये त्यांनी शुद्ध इंग्रजीच्या सोसायटीसाठी समध्वनी शब्दांवर एक पुस्तिका लिहिली. आठशेहून अधिक गट मोजले. तक्रार अशी की इंग्रजीत हे शब्द फार झाले आहेत, आणि दक्षिण इंग्लंडच्या शिष्ट लोकांची 'र्' गिळण्याची खोड त्यांत भर घालते आहे. लंडनचा सभ्य गृहस्थ 'सॉस' आणि 'सोर्स' सारखेच म्हणतो, 'कॉट' म्हणजे पकडले आणि 'कोर्ट' म्हणजे न्यायालय हेही सारखेच म्हणतो. स्कॉटिश माणूस 'र्' म्हणतो, त्याचा हा घोटाळा होत नाही. अनेक स्कॉटिश लोक 'विच' म्हणजे चेटकीण आणि 'व्हिच' म्हणजे कोणता हेही वेगळे ठेवतात. ब्रिजेसना बाकी जे वाटले ते वाटो, एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली : घोटाळा शब्दांत नाही, बोलीत आहे.

मग आपली बोली? आपण 'र्' ठणकावून म्हणतो. सॉस आणि सोर्स यांत मराठी माणूस कधी गोंधळत नाही. पण आपल्याकडे इंग्रजांनी स्वप्नातही न पाहिलेली जोडपी आहेत. 'पेपर'. सकाळी दारात पडतो तो पेपर, परीक्षेत अवघड जातो तो पेपर आणि सूपवर भुरभुरतात तोही पेपर. इंग्रजाच्या कानाला मिरपूड आणि कागद यांचे पहिले स्वर अगदी वेगळे आहेत. आपल्याकडे ऱ्हस्व 'ए' वेगळा नाही, एकच 'ए' आहे, तेव्हा दोघे एकाच मात्रेखाली येऊन बसले. रक्ताची 'टेस्ट' आणि आमटीची 'टेस्ट'. बंगल्याचे 'गेट' आणि मिळवण्याचे 'गेट'. 'सेल' तर विचारूच नका : दुकानात लागतो तो, घड्याळात घालतात तो, शरीरात असतात त्या पेशी आणि विकणे हे क्रियापद, सगळे 'सेल'. शिवाय व्ही आणि डब्ल्यू दोघांना मिळून आपला एकच 'व', त्यामुळे बनियन आणि पश्चिम दिशा एका तोंडाने 'वेस्ट'. हे मराठी कानाचे समध्वनी शब्द. ते कोणत्याही इंग्रजी व्याकरणात सापडणार नाहीत. आपल्या शिक्षकांनी शिकवायला हवेत ते हे, आणि आपण मुलांना पाठ करायला देतो ती मात्र लंडनची यादी!

मराठीत उलटी गंमतही आहे, जाता जाता सांगतो. गणितातला 'चार' आणि गुरे 'चार' : अक्षर एक, आवाज दोन. तिकडे आवाज एक, अक्षरे दोन. इंग्रजीला हसण्याआधी आपल्या च-ज-झ कडे एकदा पाहावे.

आता 'इट्स'. याला मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण शिकल्यासवरल्या लोकांना एकमेकांवर डाफरायला याच्याइतका सोयीचा शब्द दुसरा नाही. अपॉस्ट्रॉफी दिली तर 'ते आहे', न दिली तर 'त्याचे'. आता विचार करा, यात चुकणाऱ्याचा तर्क चुकीचा आहे का? रामाचे पुस्तक लिहिताना अपॉस्ट्रॉफी देतो. कुत्र्याचे शेपूट लिहिताना देतो. मग 'त्याचे' लिहिताना का देऊ नये? चुकणारा माणूस नियम पाळतो आहे हो! तो फक्त अपवाद विसरला.

आणि अपवादही फार जुना नाही. मुळात इंग्रजीत 'इट'चे षष्ठीचे रूप 'हिज' होते. 'इट्स' हा शब्दच सोळाव्या शतकाच्या अखेरचा. 1611 च्या किंग जेम्स बायबलच्या मूळ छपाईत तो नाही. आला तेव्हा बरेच जण तो अपॉस्ट्रॉफीसकट लिहीत. जेन ऑस्टेनच्या लिखाणात 'त्याचे' या अर्थी अपॉस्ट्रॉफीवाला 'इट्स' सापडतो. थॉमस जेफरसनच्या लिखाणातही सापडतो. ज्या माणसाने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला त्याला आजचा एखादा उपसंपादक पहिल्याच परिच्छेदात नापास करील. नियम नंतर स्थिरावला, आणि स्थिरावल्यावर तो बरा आहे. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांतल्या कोणालाच अपॉस्ट्रॉफी नाही, मग 'इट्स'ला का? शंका आली की त्या जागी 'इट इज' म्हणून पाहावे. वाक्य उभे राहिले तर अपॉस्ट्रॉफी द्यावी, कोसळले तर देऊ नये. एवढेच. पण हे चुकले म्हणून कोणाचे इंग्रजी कच्चे ठरवणे मला मान्य नाही. वाचणाऱ्याला अर्थ कळतोच.

सगळ्या चुका अशा निरुपद्रवी नसतात. 'प्लीज बेअर विथ मी' म्हणजे कृपया थोडा धीर धरा. तिथे बी-ए-आर-ई लिहिले की अर्थ होतो, माझ्याबरोबर कपडे उतरवा. ग्राहकाला पाठवलेल्या पत्रात हे वाक्य गेले तर ग्राहक काय करील मला माहीत नाही. 'फ्री रेन' म्हणजे लगाम सैल सोडणे, पण घोडे गेले, लगाम गेले आणि लोक आता तिथे राज्य करण्याचा 'रेन' लिहू लागले. ही चूक मला समजू शकते. तिच्यात अर्थ आहे, फक्त घोडा नाही.

आणि एक प्रसंग असा आहे की तिथे हसण्यासारखे काहीच नाही. 19 फेब्रुवारी 1989. फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोइंग 747 विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होते. नियंत्रकाने उंची सांगितली : 'टू फोर झीरो झीरो'. त्याला म्हणायचे होते दोन हजार चारशे फूट. वैमानिकांनी 'टू' हा आकडा नाही, 'पर्यंत' या अर्थाचा शब्द समजला. उरले काय? फोर झीरो झीरो, चारशे फूट. त्यांनी 'फोर झीरो झीरो' असेच परत सांगितले. नियंत्रकाच्या ते लक्षात आले नाही. विमानातली धोक्याची सूचनाही गंभीरपणे घेतली गेली नाही. विमान टेकडीवर आदळले, चौघे कर्मचारी गेले. चुका एकाहून जास्त झाल्या, पण साखळीची पहिली कडी 'टू' ही होती. कागदावर ते शब्द लिहिलेले असते तर तीनपैकी कोणता 'टू' हे शाळकरी मुलानेही सांगितले असते.

इथे माझे मुख्य म्हणणे येते. इंग्रजीच्या विक्षिप्त स्पेलिंगची आपण टवाळी करतो. बर्नार्ड शॉने तर नव्या वर्णमालेसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. उच्चाराप्रमाणे लिहा, आपल्या देवनागरीसारखे, असे आपल्यालाही वाटते. पण तसे केले की रात्र आणि सरदार एक होतील, फूल आणि पीठ एक होईल, तिन्ही 'टू' एक होतील. बोलताना स्वर, हातवारे, पुढचे वाक्य मदतीला असते, समोरच्याला 'काय म्हणालात?' असे विचारता येते. कागदाला विचारता येत नाही. म्हणून कानाने जे एक केले ते इंग्रजीत डोळा वेगळे ठेवतो. ही स्पेलिंगे वाचणाऱ्यासाठी आहेत, लिहिणाऱ्याला त्रास झाला तरी.

आणि नेमक्या याच कामात यंत्र उणे पडले. स्पेलिंग तपासणारी सुरुवातीची यंत्रणा शब्द यादीत आहे की नाही एवढेच पाहत होती. तिन्ही 'देअर' यादीत आहेत, मग लाल रेघ कशी यायची? 1990 च्या दशकात जेरॉल्ड झार या अमेरिकन प्राध्यापकाने हे दाखवण्यासाठी एक कविताच केली. तिच्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकीचा समध्वनी शब्द आहे, आणि यंत्राला ती निर्दोष वाटे. आताची यंत्रे आजूबाजूचे शब्द पाहतात, पुष्कळ सुधारली आहेत, तरी पूर्ण भरवसा टाकण्याजोगी नाहीत. आणि माणूस? मार्च 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, डोनाल्ड ट्रम्प यांनी, एक जाहीर मागणी करताना 'याद्वारे' या अर्थाच्या 'हिअरबाय'मध्ये ऐकण्याचा 'हिअर' घातला. मग दुरुस्त केला, तोही चुकला. तिसऱ्यांदा जमला. तो त्यांच्या मातृभाषेतला शब्द होता. माझ्या पहिल्या मुद्द्याला याहून मोठा साक्षीदार मी कुठून आणू?

आता आपल्याकडे काय होणार ते पाहा. 2000 पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली. त्यानंतरची मुले कार्टून पाहून, गाणी ऐकून, फोनला बोलून दाखवून इंग्रजी शिकत आहेत. फार छान बोलतात. आमच्या पिढीला जन्मात जमले नाही असे बोलतात. पण ती कानाने शिकतात, आणि त्यांच्या वह्यांत आता 'युअर'चा तो जुना इंग्रजी घोटाळा दिसू लागला आहे. आमच्या वह्यांत तो सहसा नव्हता. मला याचे दुःख नाही. भाषा घरात आल्याची ती खूण आहे. फक्त शिकवण्याची रीत बदलायला हवी.

सभागृहात शिक्षक बरेच दिसतात, त्यांना एक विनंती. या शब्दांच्या जोड्या फळ्यावर शेजारी-शेजारी मांडू नका. 'हे आणि ते यांत गोंधळू नका' असे म्हटले की मूल त्या दोघांना जन्माची गाठ मारून घेते. 'देअर' म्हणजे 'तिथे' हा या आठवड्यात 'हिअर' आणि 'व्हेअर'च्या सोबत शिकवा, तिन्हींत एच-ई-आर-ई आहेच. 'त्यांचे' वाला महिन्याने, 'दे' आणि 'देम'च्या सोबत. प्रत्येकाला त्याच्या घरच्या माणसांत बसवा.

आणि बाकीच्यांना, म्हणजे बँकेत, कचेरीत, सोसायटीच्या कमिटीवर असलेल्यांना, एवढेच सांगतो. 'इन प्रिन्सिपल' मंजुरी म्हणजे तत्त्वतः मंजुरी, तिथे शेवटी एल-ई. कॉलेजचा प्रिन्सिपल आणि कर्जाचे मुद्दल या दोघांच्या शेवटी ए-एल. मंजुरीच्या पत्रात ही दोन अक्षरे बदललेली मी अनेकदा पाहिली आहेत. उद्या असे पत्र टेबलावर आले, मग ते कोणी टाइप केलेले असो की फोनला सांगून लिहवलेले, सही करण्यापूर्वी त्या शब्दाचा शेवट पाहा. ए-एल असेल तर पत्र परत पाठवा.